भिकाजीरावांच्या इंजिनाची फिरकी

रत्नागिरीला रेल्वे नव्हती. येणार, येणार असं मात्र इतकी वर्षं ऐकू येत होतं, की आता कुणी तो विषय काढला की ऐकणारा तंबाखूची चंची सोडायला लागे. अशा गावात भिकाजी सुर्वे मुंबईच्या रेल्वे कारखान्यातली फिटरची नोकरी संपवून परतले, ते स्वतःचं इंजिन घेऊनच परतले. मांडवीला बोटीतून पडावात सामान उतरवताना तांडेलाने त्यांचं खोकं उचललं आणि तो कमरेत वाकलाच.

"काय भरलंयत काय यात, भिकाजीराव?"

"इंजिन."

"सांगायचं नसेल तर नका सांगू," तांडेल म्हणाला, आणि सुकाणूकडे वळला.

पण खोक्यात खरोखरच इंजिन होतं. हातभर लांब, काळं कुळकुळीत. चाकं होती, दांडे होते, तांब्याचा बॉयलर होता, वर धुरांडं होतं. कारखान्यातल्या मोडीतून तुकडा तुकडा उचलून, सुट्टीच्या दिवशी घासून घासून भिकाजीरावांनी ते जुळवलं होतं. राहिलं होतं एवढंच, की बॉयलरमधली वाफ चाकांपर्यंत न्यायची कशी. नळ्या, नळ्यांचे सांधे, कोपरे, तोट्या, झडपा, यातलं काहीच नव्हतं. म्हणजे माणूस सगळा तयार, फक्त अंगात शिरा नाहीत.

भिकाजीरावांची झोप या इंजिनाने कधीच उडवली होती. पण त्याच्यापायी आणखी एका माणसाची उडायची होती. तो माणूस म्हणजे राम आळीतला सदाशिव कारेकर. तोंडावर सदूशेट, पाठीमागे सदू सोनार.

सदू चाळिशीचा. बापाची पेढी, बापाची ऐरण, बापाचीच गिऱ्हाइकं. तो कुड्या करी, मणी करी, नथी करी. आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कुड्या, तेच मणी, त्याच नथी. हात चांगला होता, पण हाताला आता कशाचं नवल वाटत नव्हतं. दुपारी बागेसरी, म्हणजे सोनाराची ती छोटी शेगडी, समोर घेऊन बसला की त्याला जांभया येत.

अशाच एका जांभईच्या मध्यावर भिकाजीराव दुकानात शिरले.

"सदूशेट, तुरीच्या डाळीएवढा नळ करता येईल?"

सदूने तोंड मिटलं. "कुणाच्या नाकात घालायचाय?"

"नाकात नाही हो. बॉयलरला."

मग भिकाजीरावांनी सगळी हकिकत सांगितली. असले बारीक सांधे विलायतेहून मागवता येतात. पण ते येईपर्यंत आपण राहू याची खात्री नाही. स्वतः करावेत तर हात असले. त्यांनी हात पुढे केले. कारखान्यात घोड्याच्या मांडीएवढे नळ आवळून आवळून ती बोटं अशी झाली होती, की त्यांत धरलेली सुपारी शोधावी लागे.

"तुम्हाला मळसूत्र पाडता येतं का पण?" भिकाजीरावांनी विचारलं. "एवढ्या बारक्या वस्तूवर आटे पाडायचे म्हणजे चेष्टा नव्हे."

सदूला हे लागलं. त्याने फळीवरची एक कुडी उचलली, तिच्या मागची फिरकी नखाने फिरवून सोडवली आणि कुडी व फिरकी दोन्ही भिकाजीरावांच्या तळहातावर ठेवली.

"मग हे काय आहे? कानाला काय खळीने चिकटवतो?"

भिकाजीरावांनी चष्मा कपाळावर चढवला, फिरकी डोळ्याजवळ नेली. कुडीच्या दांडीवर केसाएवढे आटे होते आणि फिरकीच्या पोटात तसेच. फिरकी मागून बंद होती, दांडीचं टोक बाईच्या मानेला टोचू नये म्हणून. कडेला बोटांना धरायला पाकळ्या होत्या. भिकाजीराव बराच वेळ बघत राहिले आणि मग चटईवर फतकल मारून बसलेच.

"अहो, सगळी हयात गेली माझी कारखान्यात," ते म्हणाले, "आणि हे आमच्या आईच्या कानात होतं!"

सदूने बापाच्या वेळची पोलादी पट्टी काढून दाखवली. तिला भोकं होती. त्यातून तार फिरवत नेली की आटे पडत. पेढीवरच्या सगळ्या कुड्या, सगळ्या फिरक्या याच पट्टीवर झालेल्या. भिकाजीरावांनी तिला हात लावण्याआधी धोतराला हात पुसले.

पहिला नळ सदूने निव्वळ हट्टाने केला. पितळेचा, मधे आडवी खुंटी, खुंटीला भोक. खुंटी नखाने फिरवली की भोक नळीच्या सरळ रेषेत येई आणि वाट मोकळी. पुन्हा फिरवली की बंद. झाल्यावर त्याने नळ तोंडात धरला आणि फुंकला. हवा गेली. खुंटी फिरवून फुंकला. नाही गेली. पुन्हा उघडला, पुन्हा फुंकला. आत हौसा, त्याची बायको, भात वेळीत होती. दुकानात कोण शीळ घालतंय म्हणून ती पळी हातात घेऊन बाहेर आली.

"काय चाललंय?"

"बघ," सदू म्हणाला. त्याचे गाल लाल झाले होते. "बंद. आता उघडा. बंद. उघडा."

"मग?"

मग काय, ते सदूला सांगता येईना. आजवर त्याने केलेली वस्तू कुणाच्या कानात लोंबली, कुणाच्या नाकात डुलली, कुणाच्या गळ्यात पडून राहिली. एकीनेही कधी काही काम केलं नव्हतं. ही करीत होती. सांगितलं तर थांबवीत होती, सांगितलं तर सोडीत होती. एवढं हौसाला कसं समजवावं? त्याने पुन्हा एकदा नळ फुंकून दाखवला. हौसा भाताकडे गेली.

तिथून सदू बिघडला.

भिकाजीराव रोज झाडगावातल्या आपल्या घरून चालत येत आणि कोळशाने फरशीवर आकृती काढून दाखवीत. सदू त्या करी. तांब्याची नळी तो जंतरातून ओढी. जंतर म्हणजे सोन्याची तार ओढायची दुसरी पट्टी, बिनआट्यांच्या भोकांची. कोपरा, तिकटी, सांध्याची चुंबळ, सगळं सवागीची, म्हणजे टाकणखाराची, पूड लावून फुंकणीने झाळून काढी. भिकाजीराव ज्याला 'क्लॅक' म्हणत त्या झडपेत एक अगदी गोल गोळी लागे. ती कुठून आणायची याची भिकाजीरावांना चिंता होती. सदूने चांदीचा कीस कोळशावर ठेवला, फुंकणी मारली आणि कीस विरघळून आपोआप मोत्यासारखा गोल झाला. भिकाजीरावांनी त्याची पाठ इतक्या जोरात थोपटली की गोळी बागेसरीत गेली.

"पण ही करते काय?" हौसाने विचारलं. आता तीही मधून मधून उंबऱ्यात येऊन उभी राहू लागली होती.

"पाणी आत जाऊ देते, वाफ बाहेर येऊ देत नाही," सदू म्हणाला.

"म्हणजे आपल्या दुकानासारखीच," हौसा म्हणाली. "गिऱ्हाइकाचं सोनं आत येतं, बाहेर काही जात नाही. परकारांची सून आजही रिकामी परत गेली."

ते खरं होतं. सोनाराने 'उद्या या' म्हणणं हे धर्मालाच धरून आहे, पण सदूच्या उद्याला आता परवाही येईना. बरं, एवढं करून इंजिनाची पहिली चाचणी झाली ती अशी, की खालून निखारे घातल्यावर प्रत्येक सांध्यातून वाफ फुसफुसू लागली. चाकं जागची हलली नाहीत. झाडगावातल्या शेजारणी जमल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "मोदक ठेवा आता वर, वाफ चांगली धरलीय."

भिकाजीराव खचले नाहीत आणि सदू तर पेटलाच. त्याने सगळे सांधे सोडवून आणले, विटेच्या वस्त्रगाळ पुडीने एकमेकांत घासून बसवले. एकेक सांधा सुधारत गेला. शेवटी राहिली बॉयलरच्या पाठीवरची दोन जास्तीची तोंडं. पुढेमागे कधी शिट्टी बसवायची म्हणून भिकाजीरावांनी ती ठेवली होती, आणि त्यांवरचे आटे सदूनेच आपल्या पट्टीवर पाडले होते. तूर्त त्यांना दोन टोपणं हवी होती. सदूने ती करताना फारसा विचार केला नाही. हाताला जे येत होतं तेच हाताने केलं: मागून बंद, कडेला पाकळ्या, आत पट्टीचे तेच आटे. म्हणजे थेट फिरकीच, फक्त पितळेची.

आणि नेमकी त्याच दिवशी पावस गावची मथुराबाई आली.

मथुराबाई सावंत म्हणजे कलमांच्या मोठ्या बागेची मालकीण. नवरा गेल्यापासून बाग तीच बघे, आणि जगात कुणावर विश्वास ठेवायचा नाही या एका तत्त्वावर तिने ती चांगली चालवली होती. ती नारळ घेताना हलवून बघे, आणि विकताना गिऱ्हाइकाला हलवू देत नसे. मुलगी मालन, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मालनच्या कुड्यांसाठी मथुराबाईने आपले जुने दागिने दिले होते. ते सदूने आटवले तेव्हा ती सकाळपासून समोर बसून होती, आणि सोन्याचा रस होईपर्यंत तिने पापणी लववली नाही असं हौसा शपथेवर सांगे.

कुड्या तयार होत्या. मथुराबाईने स्वतःच्या पिशवीतून स्वतःचा तराजू काढला, आपल्या गुंजा टाकल्या, तोलून घेतलं. वजन बरोबर. मग एकेक मोती दाताने दाबून पाहिला.

"ह्यो हलतोय."

"घट्ट करतो, वहिनी."

"संध्याकाळी भागोजीभावजींना धाडते. आज 'उद्या' म्हणालात तर इथंच वळकटी टाकीन."

सदूने दोन्ही कुड्यांच्या फिरक्या सोडवून फळीवर ठेवल्या आणि मोती घट्ट करायला घेतला. फळीवर शेजारीच बॉयलरची दोन टोपणं नुकतीच उजळून ठेवलेली होती. दिवेलागण झाली होती. तेवढ्यात भिकाजीराव धापा टाकीत आले: "झाली का टोपणं? रविवारी चाचणी, सगळ्या झाडगावाला सांगून बसलोय." त्यांच्या मागोमाग मथुराबाईचा दीर भागोजी आला: "होडी सुटायची येळ झाली. द्या लवकर." सदूने एका हाताने इकडे दिलं, एका हाताने तिकडे दिलं. गुलाबी कागदाच्या दोन पुड्या दोन दिशांना गेल्या. आटे सगळ्यांचे एकच, त्यामुळे काहीही कुठेही बसलं. एरवी गुंजेचा फरक ज्या बोटांना डोळे मिटून कळे, ती बोटं त्या संध्याकाळी भिकाजीरावांच्या बॉयलरमध्ये होती.

रविवारी सकाळी झाडगावात भिकाजीरावांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ही गर्दी. भिकाजीरावांनी तुळशीभोवती फळ्या मांडून त्यांवर लोखंडी पट्ट्यांचे रूळ ठोकले होते. बोटींवर आगवाला म्हणून उमर घालवलेला जैनुद्दीन खुर्ची मागून घेऊन पुढेच बसला होता. भट्टी म्हटली की, ती एवढीशी का असेना, त्याला घरी राहवत नसे. हौसाही आली होती. आपला नवरा गेले कित्येक महिने कुठे राहतो हे तिला एकदा बघायचं होतं.

निखारे घातले. पाणी तापलं. सगळे श्वास धरून सांध्यांकडे बघत होते. एक सांधा किंचित पाझरला, दुसरा जरा फुसफुसला आणि गप्प झाला. भिकाजीराव गुडघ्यावर बसून बॉयलरच्या पाठीकडे बघत होते.

"सदूशेट! ही दोन टोपणं बघा. थेंब नाही! सगळ्यात फक्कड काम हे झालंय तुमचं. विलायतेत असं होणार नाही."

सदू अभिमानाने वाकला आणि वाकलेलाच राहिला.

सगळे पितळी सांधे धुराने आणि आचेने काळवंडले होते. ती दोन टोपणं मात्र नवरीसारखी झळकत होती. आगीजवळ नेल्यावर जे काळं पडत नाही, असं जगात सदूच्या ओळखीचं एकच होतं.

ही जर इथे, तर मालनच्या कानात काय आहे?

"भिकाजीराव," तो हळूच म्हणाला, "गाडी सोडू नका."

पण भिकाजीरावांनी तेवढ्यात वाफेचा नळ उघडला होता. तोच, पहिला नळ. इंजिनाने एक ढुस् केलं, दुसरं ढुस् केलं, आणि ते निघालं! खळ्यात एकच आरोळी उठली. तुळशीला पहिली प्रदक्षिणा घालून इंजिन सदूच्या पुढ्यातून झुकझुक करीत गेलं, पाठीवर मथुराबाईचं सोनं मिरवीत. इतके महिने सदूने ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा क्षण. आणि त्याला घाम फुटला होता.

"सदू सोनार हाय का हितं?"

आवाज बेड्याजवळून, कुंपणाच्या दारातून, आला. मथुराबाई आत शिरली. तिच्या मागे मालन, तिच्या मागे भागोजी. मालनने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. मथुराबाईने तिला मधोमध उभं केलं आणि पदर मागे सारला.

"बघा, लोकानु! काल केळवणाला दिवसभर कुड्या घातल्यान पोरीनं. आज सकाळी बघते तर ह्यो कान!"

कानाच्या पाळ्या मागून हिरव्यागार झाल्या होत्या. वैशाखाचा घाम आणि पितळ, दुसरं काय होणार? मालन अर्धी रडत होती. उरलेली अर्धी इंजिनाकडे बघत होती.

"आयुष्यात एकदा मेली ह्या सोनारावर इश्वास ठेवून घरी गेले," मथुराबाई म्हणाली, "आन् लेकीच्या कानाला शेवाळ आलं. माझं सोनं कुठं हाय?"

सोनारावर चोरीचा आळ यायला फार वेळ लागत नाही. गर्दीतली डोकी हलू लागलीच होती. सदूने बोट दाखवलं.

"ते... ते तिथे पळतंय, वहिनी."

मथुराबाईने बोटाच्या दिशेने पाहिलं. इंजिन तुळशीमागून वळून येत होतं.

"त्या गाडीत?"

"गाडीच्या पाठीवर. ती दोन टोपणं. चुकून बदलली."

दुसरी बाई असती तर घेरी येऊन पडली असती. मथुराबाईने पदर खोचला आणि ती इंजिनामागे निघाली. इंजिनाची चाल माणसाच्या चालीएवढी. तिने हात घातला तोच जैनुद्दीन खुर्चीवरून उठून ओरडला, "बाय, हात नको! वाफ कोंडलीय आत. टोपण सैल झालं तर पहिले डोळे जातील!"

मथुराबाईचा सदूवर विश्वास नव्हता, भिकाजीरावांवर नव्हता; पण हा माणूस यात कुणाचाच नव्हता. तिने हात मागे घेतला.

"मग काय करू?"

"आग उतरू दे, वाफ सरू दे. मग खोल खुशाल."

"तवर मी सोन्यावरची नजर काढायची नाय," मथुराबाई म्हणाली. आणि काढली नाही. इंजिन पुढे आणि मथुराबाई मागे, कमरेत वाकून, नजर त्या दोन टोपणांवर. तुळशीला एक फेरा झाला, दोन झाले, मोजणं थांबलं. नंतर आलेल्या एका म्हातारीला हे काहीतरी व्रत वाटलं. तिने चपला काढल्या आणि तीही मथुराबाईच्या मागे फेरे घालू लागली.

सदू निखाऱ्यांकडे बघत होता. ते मंदावत होते. इंजिनाची ढुसढुस सावकाश होत चालली होती. आता थांबेल, आता थांबेल. आणि थांबणार एवढ्यात इंजिन पुन्हा तरतरीत होऊन पळायला लागे. असं दोनतीनदा झाल्यावर सदूने नीट पाहिलं. भिकाजीराव! गाडी दमली असं दिसलं की त्यांचा हात आपोआप कोळशाच्या डब्यात जाई आणि चिमटाभर कोळसा आत पडे.

"भिकाजीराव, अहो, विझवायचीय ना आग?"

"हो, हो," भिकाजीराव म्हणाले. "मघापासून तेच म्हणतोय मी." आणि हात पुन्हा डब्यात गेला. ज्या माणसाने जन्मभर वाफ सांभाळली त्याला ती उतरताना बघवत नव्हती, हे काही त्यांच्या ताब्यातलं नव्हतं.

शेवटी हौसा उठली. तिने कोळशाचा डबा ओढून घेतला, झाकण लावलं आणि त्यावर बसली.

"आता घाला," ती म्हणाली.

इंजिन आणखी थोडं फिरलं, मग धापा टाकू लागलं आणि बरोबर मथुराबाईच्या पायाशी येऊन उभं राहिलं. जैनुद्दीनने वाकून बॉयलरला कान लावला, हळूच नळ उघडून उरलीसुरली वाफ सोडून दिली आणि मान हलवली. सदूने फडक्याने धरून दोन्ही फिरक्या सोडवल्या.

मथुराबाईने पिशवीतून तराजू काढला. मालनच्या कानातल्या कुड्या काढून, पितळी फिरक्या बाजूला ठेवून, एका पारड्यात टाकल्या, त्यांच्या सोबत त्या दोन गरम फिरक्या, दुसऱ्यात गुंजा. सगळं खळं वाकून बघत होतं. मथुराबाईने पारडं पाहिलं, झटकून पुन्हा तोललं, पुन्हा पाहिलं.

"वाढलं," ती म्हणाली.

"काय?" सदू म्हणाला.

"सोनं वाढलं हो! सोनाराकडं गेलेलं सोनं कमी व्हतंय हे सगळ्यांनी बघितलंय. वाढून आलेलं माझ्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नाय!" तिने पहिल्यांदाच सदूकडे माणसासारखं पाहिलं. "सदूशेट, तुमी मोठे सचोटीचे."

सदू तोंड उघडणार तोच हौसाने त्याचा पाय दाबला. सदूच्या लक्षात आलं होतं. भिकाजीरावांनी वाफ गळू नये म्हणून आट्यांत सफेदा भरला होता. तोच आत चिकटलेला, त्याचंच वजन. त्याने तोंड मिटलं. पण हाताची सवय जाते कुठे? वस्तू मळलेली दिसली की ती स्वच्छ करून द्यायची, हे बापाने शिकवलेलं. मथुराबाई शेजारणींना वाढलेल्या सोन्याचं सांगत होती तेवढ्यात सदूने सुईने आटे कोरले, फिरक्या चिंचेने चोळल्या, पाण्याने धुतल्या, पुसल्या आणि चकचकीत करून परत दिल्या. हौसाने कपाळाला हात लावला.

मथुराबाईने अर्थातच पुन्हा तोललं.

"मघाशी वाढलेलं कुठं गेलं?"

मग मात्र सदूने सगळं सांगितलं. सफेदा दाखवला, आटे दाखवले. सांगता सांगता त्याला भानच राहिलं नाही; पितळेच्या सांध्यांपेक्षा ही दोन टोपणं का बरी बसली, सोनं मऊ म्हणून कसं दबलं आणि वाफेची वाट कशी बुजली, हेही त्याने सांगितलं. मथुराबाईने ते सगळं ऐकून घेतलं. दिलं होतं तेवढंच सोनं परत आलं होतं, हे तिला वाढल्यापेक्षाही अधिक पटलं.

ती इंजिनाकडे वळली. "ही गाडी आमच्या लग्नात पायजे."

"आं?" भिकाजीराव म्हणाले.

"नवऱ्याकडची माणसं मुंबैची. येतील तशी बोलतात, पावसला काय हाय, साधी रेल्वे नाय. त्यांच्या म्होरं पळवायची. माझ्या पोरीचा कान हिरवा केलात, त्याची भरपाई."

भिकाजीराव हो म्हणाले खरे, पण दुसऱ्याच दिवशी रडवेलं तोंड करून पेढीवर आले. पितळी टोपणं लावली होती आणि दोन्ही गळत होती. "सोन्याचीच सवय लागली हो त्याला," ते म्हणाले, जणू नातवाचं सांगत होते. सदूने विचार केला. सोनं नको, सोन्याचा मऊपणा हवा. त्याने तांब्याच्या पत्र्याच्या दोन बारीक चकत्या कापल्या, बागेसरीत लाल केल्या, पाण्यात टाकल्या. तांबं लोण्यासारखं नरम झालं. त्या टोपणांखाली ठेवून आवळल्यावर वाफेचा टिपूस बाहेर आला नाही. या एका गोष्टीवर सदू इतका खूश झाला, की परकारांच्या सुनेचे मणी त्याने त्याच दिवशी ओवून दिले.

लग्नाला इंजिन भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून गेलं, पुढे बैलगाडीतून पावसला. मांडवाच्या दारात मथुराबाई उभी होती. तिने इंजिन तसंच आत जाऊ दिलं नाही. आधी ते ओटीवर ठेवायला लावलं, प्रत्येक सांधा, प्रत्येक टोपण नखाने खरवडून पितळच आहे हे बघितलं. मग आत जाऊन मालनचे कान तपासले. मग म्हणाली, "सोडा."

जेवणानंतर इंजिनामागे दोन डबे जोडून त्यांत विडे ठेवले आणि गाडी वरपक्षाच्या पंगतीसमोरून सोडली. मुंबईची माणसं आधी हसली, मग वाकली, मग विडा उचलायचंच विसरली आणि गाडी विड्यांसकट परत गेली. नवऱ्याचा मामा रेल्वेत कारकून होता. त्याने बॉयलरवरचे सांधे बोटाने मोजून पाहिले.

"हे विलायती दिसतात. कुठून मागवले?"

"राम आळीतून," भिकाजीराव म्हणाले.

मामाने मान डोलावली. लंडनात अशी एखादी गल्ली असेल असं त्याला वाटलं असावं. सदू मागे खांबाला टेकून उभा होता. पुढे होऊन सांगावंसं त्याला वाटलं, पण त्या क्षणी गाडी वळणावर आली, क्लॅकमधली चांदीची गोळी टक् टक् वाजली, आणि तो ती ऐकत राहिला.

परतीच्या तरीत हौसा त्याच्या शेजारी बसली होती. खाडीवर वारा होता. भिकाजीराव पुढे इंजिनाला शाल पांघरून डुलक्या घेत होते.

"मी काय म्हणते," हौसा म्हणाली, "दुसऱ्यांच्या गाड्यांना एवढे नळ केलेत. आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचा नळ परवापासून गळतोय. तो कराल का?"

सदूने हातांनी हवेत बंबाच्या नळाचा अंदाज घेतला. एवढा मोठा? त्याने दोन्ही हात फिरवून पाहिले, बोटं मिटली, उघडली आणि खिन्न होऊन मांडीवर ठेवली.

"एवढं अवजड काम माझ्याच्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "भिकाजीरावांना उठव."